एक्स८६ वरून आर्मवर: चालू सर्व्हर न थांबवता आर्किटेक्चर कसं बदलायचं

एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) वरचं सॉफ्टवेअर आर्म या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर न्यायचं ठरलं की बहुतेक टीम पहिल्याच दिवशी कोड कंपाइल करायला बसतात. चार-आठ दिवसांत कंपाइल होतंही, आणि निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. पण वेळ खातात त्या दोन गोष्टी वेगळ्याच असतात. एक म्हणजे दुसऱ्यांनी बांधून दिलेल्या बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या फाइली. दुसरी म्हणजे कोडमधल्या अशा जागा, जिथे प्रोग्राम कुठेही न अडखळता निराळं उत्तर देतो. सगळा बेत या दोन गोष्टींभोवती आखा.

उदाहरणादाखल पुण्यात सर्रास दिसणारी मांडणी घेऊ. चाकण-भोसरीतल्या सुट्या भागांच्या पुरवठादारांसाठी चालणारी ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), जावामधली मुख्य सेवा, सी++ मधलं प्लॅनिंग इंजिन, पायथॉनचे रिपोर्ट, पोस्टग्रेस डेटाबेस आणि रेडिस कॅशे. टीम हिंजवडीत किंवा खराडीत, सर्व्हर एडब्ल्यूएस या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये. अ‍ॅझ्युअरची सेंट्रल इंडिया रीजन तर पुण्यातच आहे. तिथे असाल तरी पायऱ्या याच. फक्त हव्या त्या आकाराचं आर्म मशीन तुमच्या रीजनमधल्या कोणत्या झोनमध्ये (डेटा सेंटरच्या गटात) मिळतं, ते आधी बघून घ्या. एकाच झोनमध्ये मिळणाऱ्या मशीनवर हाय अव्हेलेबिलिटीची (एक जागा बंद पडली तरी चालू राहणारी) मांडणी उभी राहत नाही.

कोणी जायचं, कोणी थांबायचं

काही घटकांचा निकाल सुरुवातीलाच लागतो. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आर्मवरच्या लिनक्सवर चालत नाही. सॅप हाना (सॅपचा डेटाबेस) एक्स८६ आणि आयबीएम पॉवर यांवरच चालते. डॉटनेट फ्रेमवर्कमधला जुना कोड विंडोजला बांधलेला असतो, तो आधी नव्या डॉटनेटवर आणावा लागेल (डॉटनेट ५ पासून पुढे आर्म लिनक्सवर अडचण नाही). ओरॅकल डेटाबेस १९सी मात्र २०२३ पासून आर्मवर मिळतो. जे घटक जाऊ शकत नाहीत, त्यांना आहेत तिथेच राहू द्या. एकाच नेटवर्कमध्ये दोन्ही आर्किटेक्चर सुखाने नांदतात, सगळं एकदम हलवण्याचा अट्टाहास नको.

पैशाचा हिशोबही आत्ताच करा. एडब्ल्यूएसवर एखाद्या विशिष्ट एक्स८६ मालिकेसाठी स्टँडर्ड रिझर्व्ह्ड इन्स्टन्स (ठरावीक मुदतीसाठी आधीच घेतलेली मशीन) घेतलेले असतील, तर मुदत संपेपर्यंत त्यांचे पैसे भरावेच लागतात. मशीन बदललं तरी बिल उतरत नाही. कॉम्प्युट सेव्हिंग्ज प्लॅन असेल तर तो ग्रॅव्हिटॉनलाही, म्हणजे एडब्ल्यूएसच्या आर्म प्रोसेसरलाही, लागू होतो. कोरमागे परवाना घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर करारात कोरची व्याख्या काय आहे ते वाचा. कारण पुढे येईलच: आर्मवर १६ व्हीसीपीयू (क्लाउड मशीनचे आभासी प्रोसेसर) म्हणजे खरोखरचे १६ कोर असतात.

यादी: या टप्प्यात घाई करू नका

एक शीट उघडा. घटकाचं नाव, आवृत्ती, कोणी दिला, आणि आर्म६४ (६४ बिट आर्म) ची बायनरी आहे का, एवढे चार रकाने पुरतात. शेवटच्या रकान्यात चारच उत्तरं चालतील: मिळते, नवी आवृत्ती घ्यावी लागेल, सोर्सवरून बांधावी लागेल, मिळत नाही. ‘बहुधा मिळेल’ असं कोणी लिहिलं तर ती ओळ उघडीच आहे असं समजा.

शीट भरायला कागदोपत्री आर्किटेक्चर डायग्राम कामाचा नाही. चालू सर्व्हरवर बसा. प्रत्येक प्रोसेसने मेमरीत कोणत्या शेअर्ड लायब्ररी चढवल्या आहेत ते प्रॉक फाइल सिस्टिममधल्या मॅप्स फाइलमधून काढा. डिस्कवर सापडलेली प्रत्येक बायनरी ‘फाइल’ कमांडमधून फिरवा, ती कुठल्या आर्किटेक्चरची आहे ते लगेच कळतं. मग जार फाइली (जावाची पॅकेजं) उघडा. जावा कुठेही चालतो हे खरं, पण जारच्या पोटात ‘.एसओ’ फाइली, म्हणजे लिनक्सच्या शेअर्ड लायब्ररी, दडलेल्या असतात. स्नॅपी, रॉक्स-डीबी, एसक्यूलाइट, नेटीची टीएलएस लायब्ररी ही नेहमीची ठिकाणं. बहुतेकांच्या नव्या आवृत्तीत आर्मची फाइल असते, पण तुमच्या जुन्या आवृत्तीत ती असेलच असं नाही. ती नसली तर सर्व्हर सुरू होतो, तासभर चालतोही आणि पहिल्यांदा कॉम्प्रेशन लागलं की ‘अनसॅटिस्फाइड लिंक एरर’ देऊन कोसळतो.

यादीतून हमखास सुटणाऱ्या गोष्टी म्हणजे एजंट: लॉग गोळा करणारा, अँटिव्हायरस, बॅकअप, मॉनिटरिंग. ते तुमच्या कोडमध्ये नसतात, इन्फ्रा किंवा सिक्युरिटी टीमने बसवलेले असतात. सिक्युरिटी एजंटची आर्म आवृत्ती आली नाही म्हणून तयार असलेला प्रोजेक्ट महिनोन् महिने अडून राहू शकतो, तेव्हा त्या विक्रेत्याला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारा.

आपल्याकडे आणखी एक जागा अडते, ती डिजिटल सहीची. इनव्हॉइसच्या पीडीएफवर सर्व्हरवरून सही होत असेल, तर मागे यूएसबी टोकन किंवा एचएसएम (सहीची किल्ली सांभाळणारं उपकरण) असतं आणि त्याच्याशी बोलणारी पीकेसीएस-११ लायब्ररी विक्रेत्याकडून आलेली असते. ती बऱ्याचदा फक्त एक्स८६ साठीच मिळते आणि सोर्स तर मिळतच नाही. सहीचं काम एका छोट्या स्वतंत्र सेवेत काढा, ती सेवा छोट्या एक्स८६ मशीनवर ठेवा आणि बाकीच्या सिस्टिमने तिला नेटवर्कवरून हाक मारावी. पूर्ण फाइल पाठवण्याऐवजी फक्त हॅश (फाइलवरून काढलेला छोटा आकडा) पाठवून सही परत घेतली तर नेटवर्कचा वेळही जाणवत नाही. पीडीएफ बनवायला पपेटिअर (क्रोम चालवणारी लायब्ररी) वापरत असाल तर तेही तपासा. ते स्वतः उतरवून घेतं तो क्रोम सहसा एक्स८६ लिनक्सचा असतो. डिस्ट्रिब्युशनमधलं क्रोमियम बसवा, त्याचा पाथ द्या, आणि देवनागरी फॉन्ट त्या इमेजमध्ये आहेत याची खात्री करा.

बिल्ड

लक्ष्य असं ठेवा की एकाच कमिटमधून दोन्ही आर्किटेक्चरच्या कंटेनर इमेज (सॉफ्टवेअरचे चालवायला तयार गठ्ठे) निघतील आणि एकाच टॅगखाली बसतील. डॉकर बिल्डएक्सला एएमडी६४ (म्हणजे ६४ बिट एक्स८६) आणि आर्म६४ असे दोन प्लॅटफॉर्म दिले की मल्टी-आर्च मॅनिफेस्ट (दोन्ही इमेजची यादी) तयार होतं, आणि मशीन आपल्याला हवी ती इमेज आपोआप उचलतं. वेगवेगळे टॅग ठेवलेत तर कधी ना कधी चुकीचा टॅग चुकीच्या मशीनवर जातो आणि ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ समोर येते.

एक्स८६ मशीनवर क्यूईएमयू या एम्युलेटरने आर्मचं अनुकरण करून बिल्ड होतो, पण सी++ चा मोठा कोड असेल तर तो असह्य हळू होतो आणि टेस्ट तर त्यात चालवूच नका. अनुकरणात मेमरीचं वागणं खऱ्या आर्मसारखं असेलच असं नाही. सीआयमध्ये (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) एक खरं आर्म रनर लावा. टीममध्ये अ‍ॅपल सिलिकॉनचे मॅकबुक असतील तर फायदाच आहे, त्यांवर डॉकर मुळातच आर्म६४ लिनक्स चालवतो. फक्त काळजी घ्या की मॅकवर एएमडी६४ ची इमेजसुद्धा निमूट चालते. ‘माझ्याकडे चाललं’ हा पुरावा धरण्याआधी कंटेनरच्या आत ‘युनेम -एम’ विचारा, उत्तर एआर्च६४ आलं पाहिजे.

डॉकरफाइलमध्ये तीन गोष्टी शोधा. बेस इमेज शा-२५६ डायजेस्टने (इमेजच्या नेमक्या ठशाने) पक्की केलेली असेल आणि तो डायजेस्ट एकट्या एएमडी६४ इमेजचा असेल, तर आर्मचा बिल्ड चुकीच्या पायावर उभा राहतो. मॅनिफेस्ट-यादीचा डायजेस्ट घ्या. इंटरनेटवरून एखादी बायनरी उतरवणाऱ्या ओळीत पत्त्यातच ‘एएमडी६४’ लिहिलेलं असतं, तिथे बिल्डएक्सचा टार्गेट-आर्च व्हेरिएबल वापरा. आणि शेल स्क्रिप्टमधल्या, एक्स८६ नसेल तर बाहेर पड असं सांगणाऱ्या अटी काढा.

सी++ साठी जीसीसी कंपायलर १० किंवा त्यापुढचा घ्या. कारण ठोस आहे. आर्मव्ही८.१ मध्ये एलएसई नावाच्या अ‍ॅटॉमिक (मध्ये न तुटता एका दमात पूर्ण होणाऱ्या) सूचना आल्या आणि ग्रॅव्हिटॉन२ पासून पुढे त्या सगळ्यांत आहेत. त्या वापरल्या नाहीत तर जास्त कोरच्या मशीनवर एकाच लॉकसाठी झटापट झाली की वेग कोसळतो. जीसीसी १० मध्ये आउटलाइन-अ‍ॅटॉमिक्स आपोआप चालू असतं, म्हणजे एकच बायनरी जुन्या आर्मवरही चालते आणि नव्यावर एलएसई वापरते. एसएसई किंवा एव्हीएक्सचे (एक्स८६ वर एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचे) इन्ट्रिन्सिक थेट लिहिलेले असतील तर सिम्डई किंवा एसएसई-टू-निऑन या हेडर लायब्ररींनी आधी चालतं करा. मोजमापात ती जागा खरंच गरम निघाली तरच हाताने निऑनमध्ये (आर्मच्या तशाच सूचनांत) लिहा.

पायथॉनला पिप (पॅकेज बसवणारं साधन) १९.३ किंवा पुढचा लागतो, त्याच्या आधीचा पिप आर्मची मॅनीलिनक्स-२०१४ व्हील (आधीच बांधलेली पॅकेजं) ओळखत नाही आणि प्रत्येक पॅकेज सोर्सवरून बांधायला जातो. मग कंपायलर नाही, हेडर नाही अशा तक्रारी सुरू होतात.

उत्तरं कुठे बदलतात

इथे प्रोग्राम कोसळत नाही, चुकतो. म्हणून हा भाग सावकाश वाचा. जावा, गो, सी-शार्प यांना यातलं फार थोडं लागू होतं. सी आणि सी++ ला सगळं.

पहिलं म्हणजे ‘कॅर’ हा एका बाइटचा डेटा-प्रकार. एक्स८६ लिनक्सवर साधा कॅर साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असतो, आर्म लिनक्सवर अनसाइन्ड. इंग्रजी अक्षरांचे बाइट १२७ च्या आत असतात, त्यामुळे फरक दिसत नाही. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ मध्ये ‘अ’ हे अक्षर २२४, १६४, १३३ अशा तीन बाइटमध्ये बसतं. त्यातला पहिला बाइट एक्स८६ वर उणे ३२ म्हणून वाचला जातो, आर्मवर २२४ म्हणून. ‘कॅर शून्यापेक्षा लहान असेल तर हे इंग्रजी नाही’ अशी अट आर्मवर कधीच खरी होत नाही. त्याहून घातक म्हणजे अक्षरांवरून हॅश काढून ग्राहक कोणत्या शार्डवर (डेटाबेसच्या तुकड्यावर) जाईल ते ठरवणारा कोड. इंग्रजीत लिहिलेलं नाव दोन्हीकडे एकाच शार्डवर जातं, मराठीत लिहिलेलं दोन वेगवेगळ्या. दोन्ही आर्किटेक्चर शेजारी-शेजारी चालू असताना हे झालं, तर ग्राहकाची नोंद ‘हरवते’ आणि दहा मिनिटांनी ‘सापडते’. टेस्ट डेटा सगळा इंग्रजीत असेल तर हा दोष शेवटपर्यंत सापडणार नाही. टेस्टमध्ये मराठी नावं, पत्ते, गावं भरा. उपाय साधा आहे: आर्मच्या बिल्डला एफ-साइन्ड-कॅर हा फ्लॅग द्या, म्हणजे जुनं वागणं तसंच राहतं. नव्या कोडमध्ये मात्र साइन्ड की अनसाइन्ड ते स्पष्ट लिहा. याच कुळातला आणखी एक दोष: गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याच्या खुणेशी) ताडून बघणारा लूप आर्मवर संपतच नाही.

दुसरं, मेमरीचा क्रम. एक्स८६ वर एका कोरने दोन गोष्टी ज्या क्रमाने लिहिल्या, त्याच क्रमाने दुसऱ्या कोरला दिसतात. आर्मवर तसं बंधन नाही. समजा, एका थ्रेडने (प्रोग्राममधल्या एका समांतर कामाने) इनव्हॉइसचं स्ट्रक्चर भरलं आणि मग ‘तयार’ हा फ्लॅग १ केला. दुसऱ्या थ्रेडला फ्लॅग १ दिसला, पण स्ट्रक्चरमधली रक्कम अजून जुनीच दिसू शकते. दहा वर्षं बिनबोभाट चाललेला कोड इथे लाखात एकदा चुकतो. सी++ मधला व्होलाटाइल यावर उपाय नाही. फ्लॅग एसटीडी-अ‍ॅटॉमिक करा, लिहिताना रिलीज आणि वाचताना अ‍ॅक्वायर वापरा. हा दोष शोधायला आर्मवर जाण्याची वाट बघू नका. थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या अशा चुका शोधणारं साधन) एक्स८६ वरही तो पकडतो. तो लावला की प्रोग्राम पाच ते पंधरा पट हळू होतो, तेव्हा रात्रीच्या बिल्डमध्ये चालवा आणि अहवाल शून्यावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वतः लिहिलेली लॉक-फ्री क्यू असेल तर ती काढून नावाजलेल्या लायब्ररीतली घ्या, हे आमचं ठाम मत आहे.

तिसरं, आकडे. डबलमधला ३०० कोटी हा आकडा ३२ बिट इंटमध्ये टाकला तर एक्स८६ उणे २१४७४८३६४८ देतो, आर्म अधिक २१४७४८३६४७ देतो. दोन्ही चूकच, पण वेगवेगळी चूक, आणि कुठल्यातरी जुन्या अटीने त्यातल्या एकीचा आधार घेतलेला असतो. पूर्णांकाला शून्याने भागलं तर एक्स८६ वर प्रोसेस मरते, आर्मवर शून्य उत्तर येऊन काम पुढे चालू राहतं. भागण्याआधी तपासणी टाका. लाँग डबल एक्स८६ वर ८० बिटचा असतो, आर्म लिनक्सवर १२८ बिटचा आणि सॉफ्टवेअरमधून चालणारा, म्हणून बराच हळू.

शिवाय आर्मवर जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच राउंडिंग करतो, त्यामुळे शेवटच्या बिटात फरक पडतो. कराची रक्कम अर्ध्या पैशाच्या सीमेवर असेल तर तो फरक एका पैशाचा होतो आणि जुळवणीत दिसतो. कंपायलरचा एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट हा पर्याय बंद केला की हा फरक जातो. पण पैसे फ्लोटमध्ये ठेवणंच मुळात चुकीचं आहे. या निमित्ताने ते पूर्णांक पैशांत किंवा डेसिमलमध्ये आणा.

चौथं, पेजचा (मेमरी वाटण्याच्या तुकड्याचा) आकार. रेड हॅट ८ आणि त्याची भावंडं आर्मवर ६४ केबीचं पेज वापरतात. उबुंटू आणि रेड हॅट ९ चा नेहमीचा कर्नल ४ केबीचं. कोडमध्ये ४०९६ लिहून ठेवलेला एममॅप (फाइल मेमरीत जोडणारा कॉल) मोडतो, आणि ४ केबीसाठी बांधलेला जेमॅलॉक (मेमरी वाटणारी लायब्ररी) ६४ केबीच्या मशीनवर सुरूच होत नाही. रेडिसबाबत ही तक्रार नेहमीची आहे. खास कारण नसेल तर ४ केबीचाच कर्नल घ्या.

जावा

जावा ११ च्या आधीची आवृत्ती घेऊन आर्मवर जाऊ नका, १७ असेल तर उत्तम. स्टार्टअप स्क्रिप्टमधले फ्लॅग चाळा. यूज-एव्हीएक्ससारखा एक्स८६ चा फ्लॅग राहिला तर जेव्हीएम (जावा चालवणारा प्रोग्राम) सुरूच होणार नाही. थ्रेडचा डीफॉल्ट स्टॅक एक्स८६ लिनक्सवर १ एमबी, आर्मवर २ एमबी असतो, तो हवा तेवढा स्वतः ठरवून द्या.

डेटाबेस

दोन्ही आर्किटेक्चर लिटल-एंडियन (आकड्याचे बाइट एकाच क्रमाने ठेवणारी) आहेत, तेव्हा डिस्क उचलून आर्म मशीनला लावली की झालं असा मोह होतो. पोस्टग्रेसमध्ये ते करू नका. फिजिकल रेप्लिकेशनला (डेटा फाइलींची जशीच्या तशी नक्कल) दोन्हीकडे एकच आर्किटेक्चर लागतं. इथेही तो कॅर आडवा येतो: पीजी-ट्रायग्रामच्या (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांवरून शोधणाऱ्या एक्स्टेन्शनच्या) इंडेक्समधली देवनागरी मजकुराची मांडणी कॅर साइन्ड आहे की नाही यावर ठरत असे. पोस्टग्रेस १८ पासून ही गोष्ट क्लस्टरमध्येच नोंदली जाते. जुन्या आवृत्तीवर, आणि आरडीएसमध्ये (एडब्ल्यूएसच्या तयार डेटाबेस सेवेत) नुसता इन्स्टन्सचा प्रकार बदलून गेलात तरी, मराठी शोधासाठी लावलेले ट्रायग्राम इंडेक्स पुन्हा बांधून घ्या. सी-लायब्ररीची आवृत्ती बदलत असेल तर मजकुरावरचे बाकीचे इंडेक्सही.

स्वतः चालवत असाल तर लॉजिकल रेप्लिकेशनचा (ओळींमधले बदल पाठवत राहण्याचा) क्रम असा.

१. जुन्या सर्व्हरवर वॉल-लेव्हल (बदलांच्या लॉगची पातळी) ‘लॉजिकल’ करा. याला रीस्टार्ट लागतो, तो आधीच्या एखाद्या मेंटेनन्समध्ये उरकून घ्या.
२. प्रायमरी की नसलेली टेबलं शोधा आणि त्यांना रेप्लिका आयडेंटिटी (ओळ ओळखायची खूण) द्या, नाहीतर पब्लिकेशन सुरू होताच त्यांवरचे अपडेट आणि डिलीट अडतील.
३. नव्या सर्व्हरवर फक्त स्कीमा चढवा, पब्लिकेशन-सबस्क्रिप्शन जोडा, पहिली कॉपी पूर्ण होऊ द्या. या काळात स्कीमा बदलू नका, डीडीएल (स्कीमा बदलणाऱ्या आज्ञा) पलीकडे जात नाही.
४. शेवटच्या क्षणी लिहिणं थांबवा, मागे राहिलेलं अंतर शून्यावर आलं की सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारे मोजक) हाताने पुढे सरकवा. सीक्वेन्सचे आकडे रेप्लिकेट होत नाहीत. हे विसरलं की पहिलाच इनव्हॉइस ‘डुप्लिकेट की’ म्हणून परत येतो.

रेडिसची आरडीबी फाइल दोन्हीकडे चालते. मायएसक्यूएलचं बिनलॉग रेप्लिकेशनही.

मोजमाप

एक्स८६ वर एक व्हीसीपीयू म्हणजे बहुधा अर्धा कोर, कारण हायपरथ्रेडिंगमुळे दोन व्हीसीपीयू एकच कोर वाटून घेतात (काही नव्या एएमडी मालिका याला अपवाद आहेत). ग्रॅव्हिटॉनवर प्रत्येक व्हीसीपीयू पूर्ण कोर असतो. म्हणून ‘सीपीयू ४० टक्के’ या आकड्याचा अर्थ दोन्हीकडे सारखा नसतो. एक्स८६ वर ५० टक्क्यांनंतर प्रतिसादाचा वेळ चढू लागतो, आर्मवर त्याच्या बऱ्याच पुढेपर्यंत सरळ रेष राहते. ऑटोस्केलिंगचा जुना उंबरठा तसाच ठेवला तर मशीन रिकामी असताना नवी मशीन उभी राहतील आणि बचत जागच्या जागी जिरेल.

खऱ्या लॉगमधून काढलेला ट्रॅफिक के-६ किंवा जेमीटर या भार-चाचणीच्या साधनाने पुन्हा वाजवा. जावाला पहिली दहा-पंधरा मिनिटं तापू द्या, ते आकडे टाकून द्या. मग ९९ व्या पर्सेंटाइलचा प्रतिसाद (शंभरातल्या ९९ विनंत्या जेवढ्या वेळात पूर्ण होतात तो) तुमच्या मर्यादेत असेपर्यंत भार वाढवत न्या आणि तिथे पोचल्यावर सेकंदाच्या विनंत्यांना तासाच्या भाड्याने भागा. दोन मशीनची तुलना फक्त याच आकड्यावर करा. विक्रेत्यांच्या जाहिरातीतले टक्के तुमच्या कोडबद्दल काही सांगत नाहीत. आर्म मागे पडला तर ‘पर्फ’ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) लावून बघा. बहुतेक वेळा एखादी लायब्ररी एसआयएमडीशिवाय (निऑनसारख्या सूचनांशिवाय) साध्या सी कोडवर चाललेली सापडते आणि तिची नवी आवृत्ती घेतली की प्रश्न सुटतो.

बदल

कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) असेल तर आर्मचा वेगळा नोड गट उभा करा आणि त्याला टेंट (मनाईची खूण) लावा, म्हणजे तयार नसलेले पॉड (कंटेनरचे गट) तिथे भरकटणार नाहीत. आधी डीमनसेट (प्रत्येक नोडवर चालणारे पॉड) तिथे नीट चालतात का बघा, मग एकेका सेवेला टॉलरेशन (त्या मनाईतून सूट) द्या. लोड बॅलन्सरवर वजनं लावून ५ टक्के ट्रॅफिक सोडा, दिवसभर एरर आणि जुळवणीचे अहवाल बघा, मग २५, ५० आणि १००. स्टेट नसलेल्या सेवा आधी, मग कॅशे, सगळ्यात शेवटी डेटाबेस.

तारीख निवडताना ग्राहकांचं कॅलेंडर समोर ठेवा. महिनाअखेर डिस्पॅचची झुंबड असते, ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणपत्रांची मुदत असते, त्यांच्या आदले दोन दिवसही सोडा. भोसरी-चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. डेटाबेसचा बदल गुरुवारी सकाळी ठेवला तर ग्राहकाकडे भार कमी आणि आपली टीम ऑफिसात जागी, असं दोन्ही साधतं. गणपतीचे दहा दिवस मात्र टाळा, विशेषतः विसर्जनाच्या आसपासचे. रस्ते बंद असताना कोणाला ऑफिसात किंवा ग्राहकाकडे पोचवायचं म्हटलं तरी जमत नाही.

डेटाबेस हलवल्यावर उलट दिशेचं लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे नव्या आर्मवरून जुन्या एक्स८६ कडे, लगेच जोडा. परतीची वाट तीच. एक महिनाअखेर आणि त्यापुढची ११ व २० तारीख नीट पार पडेपर्यंत जुना सर्व्हर बंद करू नका. त्यानंतर तो स्नॅपशॉट घेऊन उतरवा. सीआयमधला एएमडी६४ चा बिल्ड मात्र पुढेही चालू ठेवा: सहीची सेवा अजून त्यावरच चालते आणि एखाद्या झोनमध्ये आर्मची मशीन संपली, तर त्याच टॅगवरून एक्स८६ नोड दहा मिनिटांत उभा करता येतो.